दत्तगुरूंपासून सुरू होणारा नंबर

धुळ्याला लेक सुनंदा बाळंतपणात अडली, असा निरोप आला तशा मंजुळाबाई हातातलं काम टाकून शिरपूरच्या फोन बूथवर पोहोचल्या. जावयाच्या शेजाऱ्यांचा नंबर रोजच्या वहीत होता, आणि वही राहिली घरी देवापाशी. पण मंजुळाबाई आकडे नुसते पाठ करत नसत. प्रत्येक नंबराची देवाधर्माची ओळ करत.

“नंबर काय शे, अक्का?” बूथवाल्या भाईदासने विचारलं.

“दत्तगुरूंनी पांडवांना नवरात्रात वेद सांगितले, सप्ताह केला.”

“मी नंबर इचारी ऱ्हायनू, पोथी नही!”

“लाव रे भाऊ. सहा, पाच, नऊ, चार, सात.”

पलीकडून कुणी गिरणीवाला खेकसला. मंजुळाबाईंनी फोन खाली ठेवला. त्यांनी डोळे मिटून दत्ताची मूर्ती आठवली आणि कपाळावर हात मारला.

“चुकनं मन्हं! मी दत्तना हात मोजात. तोंडे तीन शेतस. पहिला आकडा तीन लाव!”

या खेपेला शेजारीणच बोलली, “मुलगी झाली, मावशी. दोघी सुखरूप आहेत.”

“मुलगी, दोघी सुखरूप,” असं पुटपुटत मंजुळाबाई बाकावर बसल्या.

“नात व्हयनी का, अक्का? मंग पेढा?”

“पेढा नंतर. पहिले पानी दे. सकायपासून घोट उतरना नही.”