लाल दोऱ्याचा शेवट

निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर आमच्या बोरी गावात मराठी वाचनालय निघालं आणि शेजारच्या मावशींना दुपारी कादंबरी वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मावशींना अक्षरओळख नव्हती. गोधडीला टाके घालत त्या ऐकायच्या, आणि त्यांना राजेरजवाड्यांचीच गोष्ट लागायची. भुयार आलं की सुई थांबायची. राजकन्या पुरुषी वेशात घोड्यावर बसली की "शाब्बास गं माय!" म्हणायच्या. चांदण्याचं वर्णन लांबलं की मात्र चिडायच्या. "चांदणं आमच्या अंगणातबी पडतंय. भुयाराचं दार उघडलं का ते सांग." राजकन्येला मूर्च्छा आली तर "पडायली का पुन्हा? जेवत न्हाई वाटतं," म्हणत चहा टाकायला उठायच्या.

एकदा लग्न लागलं आणि लगेच राजपुत्र लढाईवर निघाला. मावशींनी पानावर हात ठेवला. "हितंच थांब. मरतोय न्हवं त्यो?"

मी शेवट आधीच चोरून वाचला होता. हो म्हणून मान हलवली.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि उरलेली पानं गोधडीच्या लाल दोऱ्यानं बारीक टाक्यांत शिवून टाकली.

वाचनालयवाल्या काकांनी मला सभासदत्व काढून घेण्याचा दम भरला. पुस्तक घरी नेऊन ते टाके उसवायला बसले, तर काकूंनीच "हाच शेवट बरा" म्हणत हातातली कात्री काढून घेतली म्हणे.

पुढच्या आठवड्यात काका नवी कादंबरी घेऊन स्वतःच मावशींच्या दारात उभे.

"मावशी," ते इकडंतिकडं बघत म्हणाले, "ही कुठवर उघडी ठेवायची?"