मी बाद नव्हते

“कबड्डीवाली ना तू? मग म्हण. बघू तरी दम किती आहे.”

पार्ल्याच्या पोलीस चौकीत भर दुपारी इन्स्पेक्टर मला हे म्हणाला. माझ्या अंगात संघाचा निळा टी-शर्ट होता, गुडघा खरचटलेला. टेबलापलीकडे तो. शेजारच्या खुर्चीत आमच्या कबड्डी संघटनेचे कार्यवाह, पांढऱ्या सफारीत, चहा पीत बसलेले. दारात दोन हवालदार. बाईमाणूस एकही नाही.

आणि मी म्हणाले. हेच मला आजही खुपतं. हात मागे धरून उभी राहिले आणि एका दमात कबड्डी, कबड्डी, कबड्डी म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबले नाही. शेवटी दम तुटला. एक हवालदार हसला. “संपली बॅटरी,” म्हणाला. कार्यवाहांनी बशी खाली ठेवली आणि तेही हसले. ज्या खेळाने मला घाटकोपरच्या डोंगरावरच्या खोलीतून बाहेर काढलं, त्याचा त्यांनी माकडाचा खेळ केला. आणि माकड मी झाले.

झालं होतं ते असं.

कबड्डीत स्पर्धेआधी प्रत्येक मुलीचं वजन घेतात. मर्यादेच्या वर गेलं की खेळता येत नाही. पार्ल्यातल्या एका शाळेत आमचं सराव शिबिर होतं आणि तिथे वजन स्वतः कार्यवाह घ्यायचे. काटा आतल्या खोलीत. दार बंद. “कपड्यांचंही वजन धरलं जातं,” असं सांगायचे. आम्ही बोलत नव्हतो. एकमेकींनाही सांगत नव्हतो. मग एकदा फुला त्या खोलीतून बाहेर आली आणि नळाखाली डोकं धरून बसली. फुला म्हणजे आमची सगळ्यात चपळ चढाईपटू, माझ्याच वयाची, नाहूरची. तिने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. पण तिने सांगितल्यावर एकेक करत सगळ्या बोलल्या.

आम्ही संघटनेकडे तक्रारीचा अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. तेव्हा कार्यवाह म्हणाले, “तुमच्यासारख्या मुलींसाठी घरदार सोडून राबतो आम्ही. तुमच्या वस्तीत हेच शिकवतात का?”

तुमच्यासारख्या. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते.

मग आम्ही सात जणी संघटनेच्या कचेरीसमोर उभ्या राहिलो. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलं होतं: मुलींचं वजन बाईच घेईल. बस, एवढंच. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. तेच वाक्य मोठ्याने म्हणत होतो. अर्ध्या तासात पोलिसांची गाडी आली.

“जमावबंदी आहे. पाच जण म्हणजे जमाव,” इन्स्पेक्टर म्हणाला. कबड्डीचा संघच सात जणींचा, साहेब, असं फुला म्हणाली. त्याने पुठ्ठा फाडला. हवालदाराने फुलाची वेणी धरून तिला रस्त्याच्या कडेला ओढत नेलं. मी मध्ये पडले, तेव्हा गुडघा फुटला. बाकीच्यांच्या पोटऱ्यांवर काठ्या बसल्या. कचेरीच्या गॅलरीतून चार सुशिक्षित माणसं बघत होती.

“घोषणा कोणी सुरू केली?” इन्स्पेक्टरने विचारलं.

माझा हात वर गेला.

दुसऱ्या कुणी असं केलं नसतं. पण आम्हाला खेळ शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरली होती. समोरच्याचा हात लागला की आपण बाद. पंचाने बघितलं नसलं तरी बाद. “आपल्याला कळतं ना गं? मग हात वर करायचा नि बाहेर जायचं.” दहा वर्षं मी तेच करत आले. पोलिसाने विचारलं आणि मैदानात जातो तसा हात आपोआप गेला. वेडेपणाच तो. त्याला हवं होतं ते मी ताटात वाढून दिलं. बाकीच्यांना पिटाळलं आणि मला एकटीला गाडीत घातलं.

चौकीत माझा दम तुटल्यावर कार्यवाहांनी खिशातून कागद काढला. टाइप करूनच आणला होता. आमची तक्रार खोटी आहे, कुणाच्या तरी चिथावणीने केली, मी माफी मागते. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

“बँकेच्या संघाची यादी परवा जातेय,” ते म्हणाले. आवाज अगदी मायेचा. “तुझं नाव आहे त्यात. पक्की नोकरी. वडिलांची गिरणी बंद आहे ना?”

बंद होती. दोन वर्षं. बाबा रोज सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. कुठे जातात हे आम्ही विचारत नव्हतो. ती नोकरी म्हणजे आमच्या घराचा श्वास होता. खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं. टोक कागदाला टेकवलं.

“शाळेत भाषणस्वातंत्र्य शिकवलं होतं आम्हाला,” मी पुटपुटले. का म्हणाले कोण जाणे.

इन्स्पेक्टर म्हणाला, “ते पुस्तकात, परीक्षेपुरतं. रस्त्यावर मी आहे.”

तेव्हा माझी तार सटकली. मला बाईंचा नियम पुन्हा आठवला आणि पहिल्यांदाच पुरता कळला. लागला असेल तर हात वर. लागला नसेल तर? तर मैदान सोडायचं नाही. घोषणा मी दिली होती, हात वर केला. खोटं मी बोलले नव्हते. फुलाही बोलली नव्हती.

मी पेन ठेवलं.

“घोषणा मी दिली. तसं लिहा, आत्ता सही करते. खोटं बोलले असं लिहिलंत तर नाही.”

कार्यवाहांचा चेहरा उतरला. इन्स्पेक्टर उठला. “लई शहाणी झाली. चल, पुन्हा कबड्डी म्हण.”

“नाही म्हणत.”

“का? दम संपला?”

“दम मैदानात धरते, साहेब. इथे नाही.”

त्याने माझा उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि दांडकं मारलं. दोनदा. मधलं बोट मोडलं. मी ओरडले, पण सही केली नाही.

संध्याकाळी आई न्यायला आली. सुजलेला हात बघितला. तिला सगळं सांगितलं, नोकरी गेली तेही. स्टेशनजवळ आल्यावर ती तिच्या मालवणीत म्हणाली, “चेडवा, तू खोटा बोललंस काय?”

“नाही.”

“मगे मान खाली कित्याक घातलंस?”

बँकेच्या यादीतून माझं नाव गेलं. फुलाचं तर खेळणंच तिच्या घरच्यांनी बंद केलं. कार्यवाह खुर्चीत होते, काटा आतल्या खोलीत होता. काहीही बदललं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जणी गेलो. तिघी कचेरीसमोर, तिघी पलीकडच्या फुटपाथवर. या वेळी पुठ्ठा नव्हता. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून त्यावर तेच वाक्य रंगवलं होतं. इन्स्पेक्टर गाडीतून उतरला. इकडे तीन मोजल्या, तिकडे तीन मोजल्या. पत्रा दोन्ही हातांनी वाकवायला बघितला. वाकला, पण फाटला नाही.

“पुढारी कोण?” त्याने विचारलं.

या वेळी हात आपोआप गेला नाही. मी तो वर केला. मोडलेलं बोट पट्टीत होतं, उरलेली चार ताठ.

“मी. नाव-पत्ता तुमच्याकडे आहेच,” मी म्हणाले. “वजन बाईने घेईपर्यंत दर रविवारी इथेच सापडेन.”