अण्णांचं हळू चालणारं इंजिन

श्रावणात एका सोमवारी सकाळी अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. माकणीत विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मागं राहिलं त्यांनी स्वतः घडवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं एक इंजिन. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ते चालवायचे. इतकं सावकाश, की दोन ठोक्यांच्या मधे आईचा चहाचा घोट घेऊन व्हायचा.

या खंडेनवमीला आई म्हणाली, "इंजिन चालव. त्यांच्यासारखंच, हळू. घर लई गप झालंय."

मी ग्रंथपाल. आजवर दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे एका शब्दकोशाचं कव्हर (तेही उलटं चिकटवलं). पूजेआधी भीत भीत इंजिन चालू करून पाहिलं, तर ते घाईत होतं. बंद केलं. हे मोडलं तर दुसरं करणारा माणूस आता नव्हता.

तामलवाडीचे मामा वाकून बघत होते. "वेग त्या स्प्रिंगवर हाय. आवळ."

"आवळल्यावर हळू होईल?"

"कासरा ओढला की बैल थांबतंय का न्हाय?"

"थांबतंय."

"मग?"

मी अण्णांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. स्प्रिंगचा स्क्रू तीन फेरे आवळला. तपासून बघणार, तोच आईनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि बाकीच्या हत्यारांबरोबर पाटावर मांडला. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. (इंजिन चालवायला मात्र हरकत नव्हती. तो अण्णांनी पाडलेला रिवाज.)

मी चाक फिरवलं. इंजिन असं सुटलं की त्याचे ठोके मोजता येईनात. मग ते टेबलावरून चालू लागलं, कडेच्या दिशेनं.

"आई, स्क्रू-ड्रायव्हर दे."

"पूजेत हाय त्यो."

"अगं, पडेल ते!"

"म्हणून देवापुढचं उचलू?"

"अजून आवळाय पाहिजे होतं," मामा म्हणाले. ते तोवर दाराबाहेर पोचले होते.

धरावं तर बोटं जातील, न धरावं तर अण्णा दुसऱ्यांदा जातील. मी कडेखाली ओंजळ धरली आणि डोळे मिटले. आवाज थांबला. डोळे उघडले तेव्हा इंजिनाचं एक चाक अधांतरी होतं, आणि टाकीतलं पेट्रोल बंद करणाऱ्या बारक्या कॉकवर आईचं बोट.

"तुला कसं माहीत?"

"इतकी वर्सं काय नुसतीच बसत होते व्हय तिथं?"

दसऱ्याला सकाळी हत्यारं उचलल्यावर तिनं स्वतः स्प्रिंग सैल केली. "आवळलं की पळतंय. हे बैल न्हाय," ती म्हणाली. मामा शेताचं काम काढून निघून गेले.

इंजिन आता सावकाश चालतं. चालवते आई. मला ते पुसायची परवानगी आहे, तीही बंद असताना.