गौरेशने घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या पणजीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बनवण्याची नवी पद्धत आली, की ती राबवायचं काम गौरेशच्या गळ्यात पडतं. तो पेडण्याहून येतो, मी डिचोलीहून. शेजारच्या टेबलावर बसून मी त्याचे केस याच कामात पांढरे होताना पाहिले आहेत. पहिली पद्धत आली सर्टिफिकेटसाठी. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं आणि पद्धत कपाटात गेली. दुसरी आली, कारण मालक सदाशिवबाब बंगळूरला कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी उभं राहून बैठक घेतो. पाय दुखतात, काम तेवढंच होतं.

गौरेश दर वेळी एकच विचारायचा, की हे सगळं करून कंपनीला जायचंय कुठे? सदाशिवबाब म्हणायचे, तू सुरू तर कर, मागाहून बघू. मांडव घालून झाल्यावर नवरी शोधायची, असला हा कारभार.

त्याच्या विचारण्याला कारण होतं. गावोगावच्या दूध सोसायट्यांसाठी त्याने एक प्रोग्राम केला होता. सकाळी दूध मापलं की घालणाऱ्याच्या हातात लगेच पावती पडते. कंपनीला त्यात फारसं सुटत नाही. पेडण्याच्या सोसायटीतली तारा अडली की थेट गौरेशला फोन करते, आणि तो बसमध्ये एका हाताने दांडा धरून तिला सांगत राहतो. कंपनी जिथे निघाली आहे तिथे या सोसायट्यांना जागा आहे का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. विचारून विचारून माणूस थकला. अलीकडे तर विचारायचाही बंद झाला होता. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

यंदा तिसरी पद्धत आली. दोन-दोन आठवड्यांची कामं आधीच ठरवायची, मधेच आलेल्या फोनला थारा नाही. शुभारंभासाठी सदाशिवबाबांनी नारळ आणला. गौरेशचं घराणं गावकरांचं, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा; बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. तेव्हा इथेही त्यानेच घालावं असं ठरलं.

त्याने नारळ हातात घेतला, देवांची नावं घेतली आणि थांबला. गाऱ्हाण्यात मागणं साफ बोलून दाखवावं लागतं. देवाला मागाहून बघू म्हणता येत नाही.

"सदाशिवबाब, मागूचा काय, ता आधी सांगा."

सदाशिवबाब चुळबुळले. पण समोर देव आणि भोवती आम्ही. शेवटी त्यांनी सांगितलं, की परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक मिळतंय, त्याला आपली सगळी माणसं हवीत. बाकीची बारीकसारीक कामं आजपासून बंद.

इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. मला वाटलं, आता हा नारळ ठेवून चालायला लागेल. त्याने नुसते डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायांकडे उबी आसत."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तेंका परदेशातला मोठा काम गावांदे."

"व्हय म्हाराजा."

"आनी तेच्यासाठी दूद सोसायट्यांचा काम आमी सोडतों, ता मानून घे."

"व्हय म्हाराजा."

सवयीने तोंडातून गेलं. सगळ्यांच्याच, माझ्याही. काय बोलून बसलो ते नंतर कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. तोवर नारळ फुटला होता आणि खोबरं हातात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी उभ्या बैठकीतच ताराचा फोन आला. पावती निघत नव्हती, दूध घेऊन आलेली माणसं बाहेर खोळंबली होती. गौरेशने सगळं ऐकून घेतलं. मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीही मान वर केली नाही.

"आता माका फोन करू नको गे, तारा," तो म्हणाला. "आमी सगळ्यांनी व्हय म्हटलां."