अण्णांचा आंबा आणि माझा अपराध

आमच्या अण्णांइतका भित्रा माणूस धारवाडात आधी झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले काका. कोर्टातली शिरस्तेदारी संपवून केळगेरीच्या वाटेवरच्या बंगलीत राहायचे. लग्न होऊन मी त्याच घरात आले. ते विजेला भीत, टांग्याच्या घोड्याला भीत, तार आली की आधी खुर्चीत बसून घेत आणि मगच हात पुढे करत. पण सगळ्यांत मोठी भीती अंगणातल्या आंब्याची. आंब्याखाली हिरवळ होती आणि हिरवळीत लव्हाळा माजला होता. तो राहिला तर हिरवळ जाईल ही एक भीती, आणि काढायला जावं तर आंब्याची मुळं दुखावतील ही त्याहून मोठी. "मुळं फांद्यांच्याही पलीकडे जातात, सूनबाई, आणि निम्मी तर वरवरच असतात!" म्हणून त्या सावलीत कुदळच काय, खुरप्यालाही मज्जाव. माती भिजवून तण बोटांनी उपटायचं, वर वाळका पाला पसरायचा, तोही बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर साल कुजेल. तण काढायला येणारी तिप्पव्वा आणि मी उकिडव्या बसत असू, आणि व्हरांड्यातून अण्णांचा आवाज येई, "हळू! लव्हाळा आहे का मूळ आहे, ते आधी बघा!"

एकदा ह्यांनी हुबळीहून तण मारायच्या औषधाचा डबा आणला. त्यावर कवटीचं चित्र. अण्णांनी तो काठीने ढकलत ढकलत अडगळीच्या खोलीत नेला आणि कोळशाच्या पोत्यामागे लपवला. तिप्पव्वाने भर घातली, "विष हाकब्याड्री अण्णा, गिडा सायतद!" विष घालू नका, झाड मरेल. त्या दिवसापासून अण्णा अडगळीच्या खोलीवरून जाताना श्वास रोखून धरत.

श्रावणात तिप्पव्वा अळणावरकडे आपल्या गावी गेली. मला तिसरा महिना होता, वाकवत नव्हतं, बोटं सोलली होती. अण्णा एका बारशाला गेले तेवढ्यात मी त्या डब्यातली पूड झारीत कालवली आणि आंब्याच्या एका बाजूला सगळी ओतली. तिसऱ्या दिवशी लव्हाळा जळाला, मला गंमत वाटली. आठव्या दिवशी त्या बाजूच्या फांद्यांची पानं कडेने करपू लागली.

अण्णा झाडाखाली उभे होते. मान वर. मी कशीबशी म्हणाले, "अण्णा, मी घातलं ते."

ते वळले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता झाडाचं बोलतील.

"हात धुतले होतेस ना?"

आठ दिवसांपूर्वीची गोष्ट! तरी त्यांनी मला विहिरीपाशी नेलं, शिकेकाई आणवली, स्वतः पाणी ओतलं. "नखात बघ. अजून एकदा. त्या हातांनी जेवलीस का? चक्कर येते? मळमळतं?" मळमळत तर रोजच होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. शेवटी सांगितलंच, आणि अण्णा तिथेच पायरीवर बसले. डॉक्टरांनी येऊन सगळं ठीक आहे म्हटलं. अण्णांनी त्यांना ते तीनदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी घोड्याला भिणाऱ्या त्या माणसाने हातांना फडकी गुंडाळली, मुळांना धक्का न लावता वरची माती पळीने खरवडली, पोत्यांत भरली आणि लांब माळावर खोल पुरून टाकली. मला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. पुढचे सहा महिने ते सकाळी दोनच गोष्टी विचारत: "पानं गळली का?" आणि "तू बरी आहेस ना?"

माघात मुलगी झाली. अण्णांनी तिची हातापायांची बोटं मोजली, मग पुन्हा मोजली, आणि उपरण्याने डोळे पुसले. त्या वर्षी आंबा एकाच बाजूने मोहरला. वाळलेल्या फांद्या तोडाव्या लागल्या. येणारा-जाणारा विचारी, "हे काय झालं हो झाडाला?"

"वाळवी," अण्णा म्हणत, आणि माझ्याकडे चुकूनही बघत नसत.

अण्णा वारले तेव्हाही ह्यांना ती वाळवीच माहीत होती. खरं सांगायचा धीर मला अजून होत नाही.