आत्यानं शिकवलेलं मराठी

आत्यानं मराठी शिकवलं म्हणून तू आज सोलापुरात दुकान चालवतेस, असं नातेवाईक अजून माझ्या तोंडावर म्हणतात. मी कुणाचं फुकट घेत नाही. तिचंही घेतलं नाही.

सत्तरच्या दशकात, शाळेसाठी म्हणून, मला आमच्या मैंदर्गी गावाहून सोलापुरात सात रस्त्याजवळच्या तिच्या खोलीवर आणून ठेवलं. मी सात वर्षांची, बोली फक्त कानडी. आत्याही कानडीच, पण नवरा गिरणीत लागल्यापासून तिला शेजाऱ्यांपुढे कानडीची लाज वाटे. तिनं नियम केला : ताटात जे हवं ते मराठीत मागायचं. नाव आलं नाही तर ते मिळणार नाही, आणि कानडी शब्द तोंडातून गेला तर त्या वेळचं जेवणच बंद. 'भाकरी' पहिल्या दिवशीच आलं. 'आमटी' येईपर्यंत कोरडी भाकरी चावली. तिची पोरं मुद्दाम मला कानडीत हाक मारायची आणि मी चुकून ओ दिली की आईकडे पळायची. एरवी मी, आत्या घरी तंबाखूच्या विड्या वळायची, त्यांची तोंडं मुडपत बसे. माझी बोटं बारीक, काम भराभर होई. शाळेत तिनं मला घातलंच नाही.

दिवाळीआधी आई न्यायला आली. तिला मराठीचा गंध नव्हता. नणंदेपुढे भावजयीनं फार बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दाराशी बसून तिनं मलाच कानडीत विचारलं, घरी येतेस ना?

दुपारचं जेवण व्हायचं होतं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, पोरंही.

"आई, मला घरी ने," मी मराठीत म्हणाले.

आईनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं शांतपणे कानडीत सांगितलं की पोरगी म्हणते, हितंच बरं वाटतंय, न्यायला नको.

मला शब्दन् शब्द कळला. खोटं आहे, एवढं कानडीत म्हणायचं होतं. रडले असते तरी आईला कळलं असतं. पण आत्याकडे रडण्यालाही उपास होता. मी तेच वाक्य पुन्हा मराठीत म्हणाले, जास्त मोठ्यानं. आई कौतुकानं हसली. लेक किती भरभर बोलते. शेंगाचटणीची पुडी माझ्या हातात देऊन ती एसटीला गेली.

"शिकली की गं," आत्या शेजारणीला म्हणाली, "एक शब्द कानडी न्हाय."

मग तिनं ताट वाढलं. मी आमटी मागितली. मिळाली.