खाल्लेलं अंगी न लागणारी मुलगी

आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा माझी मुलगी जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागली. जेवण तर व्यवस्थित होतं. तरी धुळ्याहून आलेल्या सासूबाईंनी आल्या आल्या मला विचारलं, "पोरले पोटभर खावाले देस का नही?" मग तूप, केळी, खारीक, टॉनिक, सगळं झालं. पोर गुबगुबीत झाली, पण पायांत बळ येईना. पुढे तिच्या पापण्याही अर्ध्या मिटलेल्या राहू लागल्या. शेजारच्या बायका तिला आळशी म्हणायच्या, तिच्यादेखत.

जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की हिचं अन्न पचतं, त्याची साखर रक्तातून पेशीपर्यंत पोचतेही. पण पेशीच्या आत तंतुकणिका असतात, त्या प्राणवायू वापरून त्या साखरेतून शक्ती मोकळी करतात. हात उचलायला, पापणी उघडी ठेवायला, हृदय चालायला तीच लागते. हिच्या बऱ्याच तंतुकणिका ते काम धड करत नाहीत.

माझा नवरा वीज केंद्रात कामाला. तो हळूच म्हणाला, "म्हणजे कोळसा येतोय, पण बॉयलर नीट पेटत नाही."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. पक्का इलाज नाही, जपायचं, एवढंच त्या म्हणाल्या. शेवटी सांगितलं, तंतुकणिका मुलाला आईकडूनच मिळतात, हा दोषही तिकडूनच आलाय. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला ते ठाऊक होतं. तरी मी मुलीच्या स्वेटरची घडी घालत राहिले, मोडत राहिले.

घरी आल्यावर नवऱ्याने आईला बॉयलरचं काही सांगितलं नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं.

"मंग बठ्ठं तुना मायेरनंच शे," सासूबाई मला म्हणाल्या. म्हणजे सगळं माझ्या माहेरचंच.

तो तिथेच बसला होता. यात हिची काय चूक, एवढं तरी म्हणेल म्हणून मी थांबले. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

सासूबाईंनी ही गोष्ट नातेवाइकांत सगळीकडे पोचवली. माझ्या धाकट्या बहिणीचं मुक्ताईनगरला लग्न ठरलं होतं. मुलीच्या घराण्यात दोष आहे असं ऐकलं, म्हणून त्या लोकांनी निरोप पाठवून ते मोडलं. मी नवऱ्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, आई खोटं कुठं बोलली?

त्यानंतर मी मुलीला घेऊन जळगावला आले. तिथे मेहरूण भागात तळमजल्यावरची खोली मिळाली, तिला जिना चढावा लागत नाही. नवरा रविवारी येतो, फळं ठेवतो, मुलीशी खेळतो, जातो.

लग्न मोडल्यावर बहिणीने एकदाच फोन केला. रडली नाही. तिने विचारलं, "माझ्यातही असेल का गं ते?"

असू शकतं, मी म्हणाले. खोटं बोलता आलं असतं, पण उद्या तिलाही मूल झालं असतं.

तिने फोन ठेवला. आता मी तिला केला तर आमची आई उचलते.